जर्मनीतले पहिले तीन आठवडे: आधी पत्ता, मग बाकी सगळं

दर वर्षी ऑक्टोबर उजाडला की सांगली, मिरज, सातारा, कराडकडून मला एकसारखे फोन येऊ लागतात. मुलगा किंवा मुलगी जर्मनीत पोचून तीन आठवडे झालेले असतात. ब्लॉक्ड अकाउंटमधले, म्हणजे व्हिसासाठी आधीच भरून ठेवलेले आणि दरमहा हप्त्याने मिळणारे पैसे सुटलेले नसतात, बँकेचं काम अर्ध्यावर अडकलेलं असतं, आणि इकडे आईच्या घशाखाली घास उतरत नसतो. चौकशी केली की जवळजवळ प्रत्येक वेळी एकच गोष्ट निघते. मूल हुशार असतं, कागद पुरे असतात, फक्त कामांचा क्रम चुकलेला असतो.

तो क्रम असा आहे. घरमालकाने सही केलेला एक कागद मिळाला की पत्त्याची नोंदणी होते. नोंदणी झाली की बँक, कर क्रमांक आणि पुढे राहण्याचा परवाना, ही कामं एकामागून एक सुटतात. पहिला कागद नसेल तर पुढचं सगळं खोळंबतं. म्हणून या लेखातला सगळ्यात मोठा भाग विमानात बसण्याआधीचा आहे. जे सांगलीत बसून दोन तासांत होतं, त्याला तिकडे दोन आठवडे लागतात.

## टप्पा १ : निघण्याआधी दोन महिने, घरूनच

घर बघताना पहिला प्रश्न भाड्याचा विचारू नका. पहिला प्रश्न असा विचारा: "या पत्त्यावर माझी नोंदणी होईल का, आणि तुम्ही वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग द्याल का?" हा शब्द तोंडपाठ करा. घर देणाऱ्याने सही करून द्यायचा हा कागद. त्यावर त्याचं नाव-पत्ता, खोलीचा पत्ता, तुमचं नाव आणि राहायला आल्याची तारीख असते. भाडेकरार दाखवून त्याची गरज भागत नाही. विद्यार्थी वसतिगृहात हा कागद सहज मिळतो. अडचण येते ती कुणाची तरी खोली दोन-तीन महिन्यांसाठी घेतल्यावर.

मी स्वतः तिथेच अडकले होते. पहिली खोली इंटरनेटवरून घेतली. देणारा फोनवर म्हणाला, "नोंदणीचं नंतर बघू." ते नंतर कधी आलंच नाही, कारण खोली पुढे भाड्याने द्यायची परवानगीच त्याच्याकडे नव्हती. पाच आठवडे माझी नोंदणी झाली नाही. बँकेने खातं दिलं नाही, म्हणून ब्लॉक्ड अकाउंटचा हप्ता आला नाही. स्वतःचे पैसे खात्यात असताना साताऱ्याच्या एका मैत्रिणीकडून उसने घेऊन मी महिना काढला. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते, "नंतर बघू" म्हणणाऱ्याची खोली स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका.

भाड्याचे दोन आकडे असतात. काल्टमीटे म्हणजे नुसतं जागेचं भाडं. वार्ममीटे म्हणजे त्यात हीटिंग, पाणी वगैरे खर्च धरून होणारी रक्कम. तुलना नेहमी वार्ममीटेची करा, आणि वीज-इंटरनेट त्यात आहे का हे वेगळं विचारा. डिपॉझिट कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटेइतकं घेता येतं.

> सावध: "मी सध्या परदेशात आहे, डिपॉझिट पाठवा, किल्ली कुरियरने येईल" असा मेल आला तर तो फसवणुकीचा आहे असंच समजा. करार नाही, खोली व्हिडिओ कॉलवर दाखवलेली नाही, तोवर एक युरोसुद्धा पाठवू नका.

नाव एकच ठेवा. आपल्याकडे स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी तीन पदरी रीत आहे, आणि दहावीच्या मार्कलिस्टवर तर आडनाव आधी येतं. जर्मनीत वडिलांचं नाव तुमचंच दुसरं नाव धरलं जातं. त्याने काही बिघडत नाही. पण पासपोर्टवर जसं आहे तसंच, त्याच स्पेलिंगने, प्रवेशपत्र, विमा, तिकीट, ब्लॉक्ड अकाउंट आणि भाडेकरार या सगळ्यांवर आलं पाहिजे.

कागदांची फाईल. पासपोर्ट, प्रवेशपत्र, एपीएस प्रमाणपत्र (भारतातली शैक्षणिक कागदपत्रं तपासून जर्मन व्हिसासाठी दिलं जाणारं), दहावी-बारावीची आणि पदवीची मूळ मार्कलिस्ट, पदवी प्रमाणपत्र, ब्लॉक्ड अकाउंटची पावती, विम्याचा कागद, भाडेकरार, जन्मदाखला. सांगली-साताऱ्याच्या बहुतेक कॉलेजांची पदवी शिवाजी विद्यापीठाची असते. पदवी प्रमाणपत्र किंवा ट्रान्सक्रिप्ट बाकी असेल तर कोल्हापूरची फेरी आत्ताच करा. नंतर त्याच कामासाठी बाबांना अधिकारपत्र घेऊन जावं लागतं. मूळ कागद हातातल्या बॅगेत, झेरॉक्सचा एक संच मोठ्या बॅगेत, स्कॅन मेलवर आणि एक संच घरच्या कपाटात. शैक्षणिक कर्ज असेल तर बँकेच्या सह्या कोण करणार हे ठरवा आणि लागणारं कुलमुखत्यारपत्र करून ठेवा.

मोबाइल नंबर बंद पडू देऊ नका. बँकेचा ओटीपी, आधार, आयकर, सगळं त्या नंबरवर आहे. निघण्याआधी इंटरनॅशनल रोमिंग चालू करून घ्या आणि रिचार्जची तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. सिम तुमच्यासोबत न्या. "सिम आईकडे ठेवतो, ओटीपी ती सांगेल" हा बेत पहिल्या महिन्यातच फसतो, कारण तिकडे संध्याकाळी तुम्ही पैशाच्या कामाला बसता तेव्हा भारतात रात्रीचे अकरा वाजलेले असतात.

पैसे. विद्यार्थी व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटची रक्कम सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ युरो आहे. ती बदलत असते, म्हणून पैसे पाठवण्याच्या आठवड्यात वकिलातीच्या संकेतस्थळावर आकडा पुन्हा बघा. हे पैसे पोचल्या दिवशी हातात येत नाहीत. तिकडचं चालू खातं उघडून त्याचा नंबर दिला की मगच हप्ता सुरू होतो. तोवरच्या महिनाभराची सोय वेगळी लागते. माझ्या मते ५०० ते ६०० युरो रोख आणि फॉरेक्स कार्डावर साधारण १,००० युरो हा कमीत कमी हिशोब. पहिलं भाडं आणि डिपॉझिट भरलेलं नसेल तर ते यात धरू नका, वर ठेवा.

सामान. घरात सगळ्यात जास्त चर्चा याचीच होते, म्हणून थोडक्यात. साताऱ्याचे कंदी पेढे नेऊ नका. तूप, खवा, बासुंदीही नाही. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, मग ते आजीने दिलेले का असेनात. आंबे, ताजा कढीपत्ता, हिरव्या मिरच्या यांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं, तेही राहू द्या. सांगलीची हळद, बेदाणे, भडंग, कांदा-लसूण मसाला, शेंगदाण्याची चटणी खुशाल न्या. कुकर न्यायचाच तर लहान, इंडक्शनवर चालणारा न्या, कारण तिकडे गॅसपेक्षा विजेच्या शेगड्याच जास्त. आपली तीन पिनांची प्लग तिकडच्या सॉकेटमध्ये बसत नाही. दोन पिनांची गोल प्लग बसते आणि व्होल्टेज सारखंच आहे, त्यामुळे दोन अडॅप्टर पुरतात.

दात आणि डोळे मिरजेतच दाखवून घ्या आणि चष्म्याची दुसरी जोडी करा. नेहमीचं औषध चालू असेल तर तीन महिने पुरेल इतकंच न्या, आणि डॉक्टरांकडून इंग्रजी चिठ्ठी घ्या. चिठ्ठीवर औषधाचं नुसतं कंपनीचं नाव नको, मूळ घटकाचं नाव हवं. फार्मसीवाला तेच ओळखतो.

> तपासून घ्या: नोंदणीच्या कागदाबद्दल घरमालकाचं लेखी "हो" आलं का? सगळीकडे एकच स्पेलिंग आहे का? महिनाभराचे पैसे ब्लॉक्ड अकाउंटच्या बाहेर आहेत का? या तिन्हींपैकी एकाला जरी "नाही" असेल तर बॅग भरायला घेऊ नका.

## टप्पा २ : तिकिटाचा वार

सोमवार किंवा मंगळवारी सकाळी पोचाल असं तिकीट काढा. शनिवारी संध्याकाळी पोचलेल्या मुलाला रविवारी दुकानं बंद सापडतात, वसतिगृहाचं ऑफिस बंद असतं आणि किल्ली द्यायला कुणी नसतं. ३ ऑक्टोबरला राष्ट्रीय सुट्टी असते, आणि हिवाळी सत्र १ ऑक्टोबरला सुरू होत असल्याने नेमके त्याच आठवड्यात बरेच जण उतरतात. किल्ली कुणाकडून, कुठे, किती ते किती वाजेपर्यंत मिळणार हे मेलवर लेखी घ्या. सांगलीहून मुंबई विमानतळापर्यंतच्या प्रवासात घाटाचा आणि पावसाचा भरवसा नसतो. रात्रीचं विमान असेल तर सकाळीच घर सोडा.

## टप्पा ३ : पहिले ४८ तास

१. किल्ली घेतानाच खोलीचे फोटो काढा. भिंतीवरचा डाग, खिडकीची कडी, गादी, शेगडी, नळ, सगळ्याचे. खोली ताब्यात घेतल्याचा उबरगाबेप्रोटोकोल नावाचा कागद असतो. त्यावर आधीचं नुकसान लिहून घ्या आणि मगच सही करा. निघताना डिपॉझिट याच कागदावर ठरतं.

२. त्याच वेळी वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंगवर सही घ्या. "उद्या मेल करतो" म्हणाले तर कोरा नमुना आपणच पुढे करा. तो शहराच्या संकेतस्थळावर मिळतो. दोन प्रती छापून सांगलीहूनच न्या.

३. टपालपेटीवर आणि बेलवर आडनाव लावा. या एका चुकीमुळेही मला बरेच फोन येतात. आपल्याकडे पत्ता म्हणजे "गणपती मंदिरामागे, अमुक बेकरीच्या वर", आणि पोस्टमन घरच्यांना नावानिशी ओळखतो. तिकडे इमारतीच्या आत फ्लॅट नंबर बहुधा नसतोच. पोस्टमन पेटीवरचं नाव वाचतो, आणि नाव नसेल तर पत्र परत जातं. बँकेचं कार्ड, त्याचा पिन, कर क्रमांक, विम्याचं कार्ड हे सगळं टपालाने येतं. खोली दुसऱ्याच्या नावावर असेल तर आधी त्याच्या नावाची चिठ्ठी ठेवून खाली तुमचं आडनाव लावा. पासपोर्टवरचंच आडनाव, छापील अक्षरांत.

४. सिम आणि किराणा. प्रीपेड सिम सुपरमार्केटमध्ये मिळतं. चालू करताना व्हिडिओ कॉलवर पासपोर्ट दाखवावा लागतो, तेव्हा खोलीत उजेड आणि चांगलं वायफाय हवं. पाण्याच्या आणि थंड पेयांच्या प्लास्टिक बाटल्यांवर बहुधा २५ सेंट अनामत असते. बाटली चेपू नका. दुकानातल्या यंत्रात टाकली की पैसे परत मिळतात.

५. तिकीट न काढता ट्राममध्ये चढू नका. काही शहरांत कागदी तिकिटावर यंत्राचा शिक्का मारावा लागतो, आणि शिक्का नसेल तर ते तिकीट न काढल्यासारखंच. दंड ६० युरो. नवीन आहे म्हणून तो माफ होत नाही. विद्यापीठाचं सेमेस्टर तिकीट कधीपासून लागू होतं ती तारीख बघा, तोवर साधं तिकीट काढा.

> तपासून घ्या: दुसऱ्या रात्री झोपण्याआधी सही केलेला कागद फाईलमध्ये आहे, पेटीवर नाव आहे आणि खोलीचे फोटो मेलवर गेले आहेत. शहर बघणं तिसऱ्या दिवसापासून.

## टप्पा ४ : पत्त्याची नोंदणी

याला आनमेल्डुंग म्हणतात. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत करायची असा कायदा आहे. शहराच्या नागरिक कार्यालयाची अपॉइंटमेंट ऑनलाइन मिळते. पत्ता पक्का झाला की सांगलीत बसूनच ती घेऊन टाका, कारण मोठ्या शहरांत ऑक्टोबरच्या तारखा भराभर संपतात. उशिराची तारीख मिळाली तर बुकिंगचा मेल जपा. रोज सकाळी कार्यालय उघडायच्या सुमारास संकेतस्थळ बघा, रद्द झालेल्या वेळा तेव्हा दिसतात.

सोबत पासपोर्ट, व्हिसा, घरमालकाचा कागद आणि भरलेला फॉर्म न्या. फॉर्मवर धर्माचा रकाना असतो. तिथे ख्रिस्ती पंथाचं नाव आलं तर पुढे पगारातून चर्चचा कर कापला जातो, आयकराच्या ८ किंवा ९ टक्के. हा रकाना न वाचता भरू नका.

काम पंधरा मिनिटांचं असतं. बाहेर पडताना नोंदणीचा दाखला, मेल्डेबेश्टेटिगुंग, हातात घ्या. त्यावरचं नाव आणि जन्मतारीख खिडकीसमोर उभं राहूनच वाचा. तारखेतला दिवस आणि महिना उलटसुलट झालेला मी दोनदा पाहिला आहे, आणि ती चूक पुढच्या प्रत्येक कागदावर उतरते.

> सावध: खोली मिळत नाही म्हणून मित्राच्या पत्त्यावर नुसती नोंदणी करू नका. जिथे राहत नाही तिथली नोंदणी बेकायदेशीर आहे, आणि खोटा कागद देणाऱ्या मित्रालाही दंड होतो. हॉस्टेल किंवा हॉटेलात उतरला असाल तर तिथे बहुधा नोंदणी होत नाही, म्हणून तिथला मुक्काम शक्य तितका छोटा ठेवा.

यानंतर काही आठवड्यांत कर क्रमांक टपालाने येतो. तो देईपर्यंत नोकरीच्या ठिकाणी कर सगळ्यात चढ्या दराने कापला जाऊ शकतो. टीव्ही-रेडिओच्या वर्गणीचंही पत्र येतं. ही वर्गणी घरामागे महिन्याला १८.३६ युरो आहे, टीव्ही असो वा नसो. बरेच जण जाहिरात समजून ते पत्र टाकून देतात आणि पुढे थकबाकी चढते. चार जण एकत्र राहत असाल तर एकानेच भरायची, बाकीच्यांनी त्याचा वर्गणी क्रमांक कळवायचा.

## टप्पा ५ : विमा आणि विद्यापीठ

विम्याशिवाय विद्यापीठात नाव नोंदवलं जात नाही. तीस वर्षांखालच्या विद्यार्थ्याला सरकारी योजनेतला विमा सवलतीत मिळतो, आणि अर्ज भारतातूनच ऑनलाइन करता येतो. विमा संस्था विद्यापीठाला परस्पर इलेक्ट्रॉनिक पद्धतीने कळवते. तुम्ही फक्त "माझ्या विद्यापीठाला कळवा" असं सांगायचं.

एक निर्णय मात्र घाईत घेऊ नका. स्वस्त वाटतो म्हणून काही जण खासगी विमा घेतात आणि सरकारी विम्यातून सूट मागतात. ती सूट शिक्षण संपेपर्यंत मागे घेता येत नाही. पुढे मोठं दुखणं निघालं आणि खासगी विम्याने हात वर केले, तर परतीची वाट बंद असते. महिन्याला थोडे युरो वाचवण्यासाठी हा धोका पत्करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्या गावाकडे ज्यांनी जमीन गहाण ठेवून मूल पाठवलं आहे, त्यांच्यासाठी तर नाहीच नाही.

प्रवासाचा विमा विमानात बसल्यापासून नावनोंदणीच्या तारखेपर्यंत पुरेल असा घ्या, मधे एक दिवसही उघडा नको. रुग्णवाहिका आणि अग्निशमन दलासाठी ११२, पोलिसांसाठी ११०, आणि रात्री-सुट्टीला जिवावर न बेतणाऱ्या दुखण्यासाठी डॉक्टर हवा असेल तर ११६११७. तिन्ही नंबर फोनमध्ये आणि कागदावरही.

## टप्पा ६ : बँक, मग ब्लॉक्ड अकाउंट

नोंदणीचा दाखला मिळाला त्याच दिवशी बँकेचं काम सुरू करा. नुसत्या पासपोर्टवर ऑनलाइन खातं उघडणाऱ्या बँका आहेत, पण बऱ्याच ठिकाणी दाखला मागतात, म्हणून तो हाताशी ठेवा. खातं उघडलं की त्याचा आयबान (म्हणजे तिकडचा खाते क्रमांक) ब्लॉक्ड अकाउंटवाल्यांना कळवा. सोबत ते मागतील ते कागद एकदाच, पूर्ण आणि वाचता येतील असे पाठवा. मोबाइलवर तिरका काढलेला दाखल्याचा फोटो परत येतो आणि आठवडा जातो.

पहिला हप्ता आला की लगेच भाडं आणि विमा आपोआप कापले जातील अशी सोय करा. तिकडे भाडं रोख द्यायची पद्धत जवळजवळ नाही.

## टप्पा ७ : राहण्याचा परवाना

व्हिसा तुम्हाला फक्त दारातून आत आणतो. त्यावरची शेवटची तारीख बघा आणि तिच्या आधी परदेशी नागरिकांच्या कार्यालयात परवान्याचा अर्ज पोचवा. "अजून तीन महिने आहेत" म्हणून बसू नका. नोंदणी झाल्याच्या आठवड्यातच अर्ज करा. नोंदणीचा दाखला, विद्यापीठाचा नोंदणी दाखला, विमा, ब्लॉक्ड अकाउंट आणि भाडेकरार लागतात. म्हणजे आधीच्या सहा टप्प्यांचे कागद इथे एकत्र येतात. मे २०२५ पासून फोटो डिजिटल पद्धतीनेच घेतले जातात, त्यामुळे सांगलीच्या स्टुडिओतले फोटो या कामाला येत नाहीत.

अर्ज वेळेत गेला आणि कार्ड यायला उशीर झाला तर मधल्या काळाचा दाखला मागून घ्या. तो हातात नसताना आणि व्हिसा संपलेला असताना दिवाळीला किंवा बहिणीच्या लग्नाला घरी यायचं तिकीट काढू नका. परत जाताना विमानतळावर अडवतील. आई-बाबांनो, तारीख ठरवण्याआधी हे मुलाला विचारा.

शिकताना काम करायला वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस परवानगी आहे. पण पहिल्या तीन आठवड्यांत नोकरी शोधायला लागू नका.

## टप्पा ८ : घरात वावरताना

फोडणी देण्याआधी खिडकी उघडा आणि एक्झॉस्ट चालू करा. एका खोलीच्या घरात छतावर धुराचा अलार्म असतोच, आणि मोहरी-मिरचीच्या धुराने तो वाजतो. अलार्मवर पिशवी बांधणं हा उपाय नाही, ते धोक्याचं आहे. रात्री दहा ते सकाळी सहा आवाज बंद, आणि रविवारी दिवसभरही. कुकरच्या शिट्ट्या त्या वेळेबाहेर होऊ द्या.

थंडीत दिवसातून दोन-तीनदा खिडक्या सताड उघडून पाच-दहा मिनिटं हवा खेळती ठेवा. खोलीत कपडे वाळवून खिडक्या बंद ठेवल्या तर भिंतीला बुरशी येते आणि ती डिपॉझिटमधून कापली जाते. हीटरच्या बटणावरचा ३ हा आकडा साधारण २० अंशांचा. ५ वर ठेवल्याने खोली लवकर तापत नाही, बिल मात्र वाढतं.

कचरा चार ठिकाणी जातो: कागद, ओला, पॅकिंगचं प्लास्टिक-पत्रा आणि उरलेला. काच रस्त्यावरच्या पेटीत, रंगाप्रमाणे. शेजाऱ्यांशी पहिला वाद बहुधा इथेच होतो, म्हणून पहिल्या दिवशी डब्यांचे फोटो काढून आणा.

राहिली घरच्या फोनची वेळ. ती निघण्याआधीच ठरवा. सप्टेंबरात सांगलीत रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा जर्मनीत संध्याकाळचे साडेपाच असतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागे जातात आणि फरक साडेतीनऐवजी साडेचार तासांचा होतो. त्या रविवारी फोन नेहमीच्या वेळी आला नाही की घरी काळजी सुरू होते. ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर आजच गोल करून ठेवा, रिचार्जच्या तारखेशेजारी.